शेकडा दोनाच्या व्याजातून पाटल्या सोडवल्या

आमच्या घरात पैसा दोन वाटांनी येतो. मिस्टर टेरी टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, त्यांचा पगार आठवड्याला. मी शाळेचे गणवेश शिवते, नगावर. संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा सरली की गणवेशाचं काम वाढत जातं, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मशीन बंद होत नाही, आणि पावसाळा लागला की हात रिकामा. अशा घरात "दर महिन्याला एवढे बाजूला ठेवा" हा सल्ला चालत नाही. सोलापुरात माझ्यासारख्या बायका गल्लोगल्ली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मिस्टरांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या पाटल्या आणि गंठण एका खासगी पेढीत ठेवून ८०,००० रुपये उचलले होते. व्याज शेकडा दोन. ऐकायला दोनच रुपये वाटतात, पण ते महिन्याला असतात, म्हणजे वर्षाला २४ टक्के. दर महिन्याला १,६०० रुपये जायचे आणि मुद्दल जिथल्या तिथं. वर्ष भरलं की कागद नवा करायचा, पुन्हा तेच.

बँकेत सोनेतारण साधारण साडेनऊ टक्क्यांनी मिळत होतं. तेही वर्षाला. पण अडचण अशी की सोनं पेढीत अडकलेलं आणि ते हातात आल्याशिवाय बँक कर्ज देणार नाही. आधी पेढीचे पैसे फेडायचे, मग बँकेत जायचं. मधल्या त्या काही तासांसाठी लागणारे ऐंशी हजार कुठून आणायचे, हाच खरा प्रश्न होता. माझ्या ओळखीतल्या किती तरी जणी इथंच थांबल्या आहेत.

माझ्या कामाला भिशी आली. आमची भिशी वीस जणींची, महिना दोन हजारांची; दर महिन्याला जमणारे ४०,००० पाळीपाळीनं एकीला मिळतात, तीच उचल. चिठ्ठीची भिशी आहे, बोलीची नाही. बोलीच्या भिशीत ज्या बाईला गरज जास्त ती जास्त पैसे सोडते, म्हणजे अडलेल्या बाईच्याच पदरातून बाकीच्यांचा फायदा होतो. मला ती पटत नाही. चिठ्ठीची मात्र ओळखीच्या बायकांत, रोज तोंड बघणाऱ्यांत असावी. आमच्यात एका मावशींची चिठ्ठी संक्रांतीच्या महिन्यात निघाली होती आणि त्यांच्या मुलीचं लग्न पुढं उन्हाळ्यात होतं. मी त्यांना सगळा हिशोब मांडून दाखवला. त्यांनी आपला नंबर मला दिला आणि माझा त्यांनी घेतला.

उरलेले ४२,००० भावानं एका दिवसाच्या बोलीवर दिले. आधी पेढीतून पैसे भरायच्या तारखेपर्यंतची व्याजासकट नक्की रक्कम लिहून घेतली होती, कारण तोंडी आकडा काउंटरवर बदलला तर हातातले पैसे कमी पडले असते. आणि बँकेत विचारून ठेवलं होतं की त्यांचा सराफ कोणत्या दिवशी असतो. ही दोन कामं आधी झाली नसती तर भावाचे पैसे एका दिवसात परत गेले नसते.

सकाळी पेढी उघडताच पैसे भरले, दागिने पावतीवरच्या वजनाशी ताडून घेतले आणि तिथून थेट बँकेत. आधार, पॅन, पासबुक, फोटो बरोबर होतेच. सराफानं कस लावला, वजन केलं. गंठणातल्या काळ्या मण्यांचं वजन बँक सोडून देते, धरते फक्त सोनं. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकत होतं आणि सोन्याचा भाव चढला होता, त्यामुळं मला लागणाऱ्या ४५,००० ला एकट्या पाटल्याच पुरल्या. गंठण त्याच दिवशी गळ्यात घालून घरी आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "एक तरी आलं बघ घरात."

मी बँकेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती: मधे कधीही, कितीही रक्कम भरता येईल का, आणि भरल्या दिवसापासून व्याज कमी होईल का. होईल, असं कळल्यावरच सही केली. हंगामी कमाईच्या घराला हे फार महत्त्वाचं आहे. व्याज महिन्याला साडेतीनशेच्या आसपास आलं. भिशीचे दोन हजार महिन्याला जात होतेच, पण त्याला व्याज नाही.

मग वही सुरू केली. खर्च सगळेच लिहितात. मी कोणत्या आठवड्यात किती आले तेही लिहायला लागले. सासूबाई विचारायच्या, "काय लिहिलालीस गं रोज?" तीन महिन्यांनी त्याच वहीवरून ठरवलं की घर चालवायचं ते मिस्टरांच्या पगारावर, आणि गणवेशाच्या पैशाला दोनच वाटा: वर्षाची ज्वारी आणि बँकेचं कर्ज. ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी येते तेव्हाच पोती भरायची. बाकीचं जसं हातात पडेल तसं कर्जात, कधी पाचशे, कधी चार हजार. दिवाळीचा बोनस आला, शेवटची रक्कम भरली आणि पाटल्या सोडवून आणल्या. हातात घातल्या तेव्हा मला रडू आलं.

आता पोस्टात आरडी (दर महिन्याला ठरावीक हप्त्याची ठेव) आहे, महिना १,००० ची, पाच वर्षांची. व्याज सध्या ६.७ टक्के, मुदतीला ७१ हजारांच्या पुढं मिळतील. खातं मुद्दाम १६ तारखेनंतर उघडलं, म्हणजे हप्ता महिनाअखेरपर्यंत भरता येतो. चुकला तर शंभराला एक रुपया दंड आहे. पण मला पोस्टाची आवडलेली सोय वेगळीच: हप्ते आगाऊ भरता येतात. सहा महिन्यांचे एकदम भरले की शंभराच्या हप्त्यामागं दहा रुपये सूट, म्हणजे मला शंभर रुपये. यंदा जूनमध्ये कामाचे पैसे हातात असतानाच सहा हप्ते भरून टाकले, त्यामुळं पावसाळ्यात त्याची काळजी राहिली नाही. बारा हप्ते झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं. दवाखाना निघाला तर पुन्हा सोनं घेऊन पेढीत जायला नको.

जाऊबाईंची मोहनमाळ अजून शेकडा दोननंच अडकलेली आहे. त्यांनी पुढच्या भिशीत नाव घातलंय, आणि पेढीतून बाकीची रक्कम लिहून आणायला आम्ही दोघी सोमवारी जाणार आहोत.