शंभर दिनारांचं काय करायचं?

आज उपासनेत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय होता. ‘भावाला किती वेळा क्षमा करू?’ हा येशूला शिष्य पेत्राने विचारलेला प्रश्न आणि मग येशूने सांगितलेला तो निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे बोधकथा. पाळकसाहेबांनी चक्क हिशेब मांडला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. चाकराला राजाने जे कर्ज माफ केलं ते १०,००० तालांत, म्हणजे जवळपास ६ कोटी दिवसांची कमाई! आणि त्याने सोबत्याचा गळा धरला १०० दिनारांसाठी.

पण १०० दिवसांची मजुरी ही काही थोडी रक्कम नाही हो. दुखावलेल्याला ती पुरेपूर टोचते. हे मनात येत होतं, कारण पुढच्याच बाकावर आमचे ते काका बसले होते. बाबांच्या आजारपणात जमिनीच्या कागदावर त्यांची सही घेणारे.

मला ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, तिमथी ही दोन लेकरं गाडीत जिवंत जाळली गेली. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवाही चालू ठेवली. मात्र खटला कायद्याने चालला, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. क्षमा केली म्हणजे गुन्हा पुसला, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे ‘जाऊ दे, माफ कर’ म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

उपासना सुटल्यावर काकांना ‘जय ख्रिस्त’ म्हटलं. गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली, मनापासून. जमिनीच्या दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिलाही जाणार आहे.