तुम्ही विचारलंत म्हणून: बक्षीस हुकल्यावरही कॅल रॉजर्स उडत का राहिला?

जुन्या विमानांचा विषय निघाला की मी कॅल रॉजर्स या अमेरिकन वैमानिकाबद्दल बोलतोच, आणि मग हा प्रश्न ठरलेला, की बक्षीस हातचं गेलं होतं तर तो परत का नाही फिरला?

तर हर्स्ट या पेपरवाल्याने ५०,००० डॉलर लावले होते, विमानाने ३० दिवसांत अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पार करणाऱ्याला. रॉजर्स १७ सप्टेंबर १९११ ला न्यूयॉर्कच्या शीप्सहेड बेमधून निघाला आणि दुसऱ्याच दिवशी मिडलटाउनला झाडाला धडकून कोंबड्यांच्या खुराड्यात कोसळला. १० ऑक्टोबरला बक्षिसाचीच मुदत संपली तेव्हा तो जेमतेम मिझुरीत पोचलेला.

लोक म्हणतात पैशासाठी उडला, आणि ते खोटं नाही. आर्मर कंपनी त्याला मैलामागे पैसे देत होती, कारण पंखांवर त्यांच्या विन फिझ नावाच्या द्राक्षाच्या सॉफ्ट ड्रिंकची जाहिरात होती. सोबत स्पेअर पार्ट भरलेली स्पेशल ट्रेन, तिच्यात राईट बंधूंचा मेकॅनिक चार्ली टेलर, आणि वर रॉजर्स रेल्वेचे रूळ बघत बघत उडतोय, ना नकाशा धड ना कसली उपकरणं. विमान इतक्या वेळा मोडलं आणि बांधलं की शेवटी मूळचे भाग अगदी थोडेच उरले.

पण नुसत्या मैलाच्या पैशासाठी माणूस एवढं सोसेल हे मला नाही पटत. कॅलिफोर्नियात इंजिनाचा सिलिंडर फुटून तुकडे त्याच्या हातात घुसले, तरी तो ५ नोव्हेंबरला पॅसाडेनाला उतरलाच. तिथे हजारोंची गर्दी, जल्लोष, सगळं झालं. पण पॅसाडेनाला समुद्र कुठेय? म्हणून पुन्हा उडाला, कॉम्प्टनला जोरात आपटला, कित्येक दिवस अंथरुणात, आणि १० डिसेंबरला कुबड्या विमानाला बांधून लाँग बीचला जाऊन चाकं पॅसिफिकच्या पाण्यात घातली तेव्हाच थांबला!

माझं मत विचाराल तर याचं मूळ त्याच्या लहानपणात आहे. घराणं नौदलातलं, कमोडोर पेरीचं, आणि याला स्कार्लेट फीव्हरने बहिरेपण आलेलं, त्यामुळे नौदलाचा रस्ता बंद. ज्याला तुला जमणार नाही असं आधीच सांगून टाकलंय, तो समुद्र दिसेपर्यंत थांबत नाही.

३ एप्रिल १९१२ ला त्याच लाँग बीचला विमान कोसळून तो गेला. वय ३३, आणि उडायला शिकून वर्षही झालं नव्हतं.