तू यात कसा पडलास?

हॅम रेडिओवाले चार जण कुठेही जमले ना, की नवीन माणसाला पहिला प्रश्न ठरलेला, तू यात कसा पडलास. शिक्षण, नोकरी, पगार वगैरे पुढे कधीतरी, काही जण तर वर्षभर विचारतही नाहीत. मला ही उत्तरं ऐकायला भयंकर आवडतात कारण सरळ रस्त्याने यात आलेला माणूस मी अजून बघितलेला नाही, प्रत्येक जण कुठूनतरी घसरून आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. हॅम म्हणजे हौशी रेडिओ. परीक्षा द्यायची, सरकारकडून लायसन्स आणि स्वतःचा कॉलसाईन, म्हणजे हवेतली आपली ओळख, घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर आपल्याच ट्रान्समीटरवरून जगात कुणाशीही बोलायचं. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, रिचार्ज नाही. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत. आपल्याकडे कॉलसाईन व्हीयूने सुरू होतो, जनरल ग्रेडला व्हीयू२ आणि रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३, जनरलला मोर्स कोड पण यावा लागतो. बारा वर्षांच्या पोरालाही परीक्षेला बसता येतं. आणि हो, "व्हॉट्सअ‍ॅप असताना ही भानगड कशाला" याला उत्तर देणं मी बंद केलंय.

तर आमच्या ग्रुपमधले एक काका. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, हाताला अजून ग्रीसचा वास येतो असं काकू म्हणतात. १९८०च्या दशकात सांगलीला असताना ते रात्री शॉर्टवेव्हवर स्टेशनं शोधत बसायचे, तर ४१ मीटर बँडच्या कडेला त्यांना बदक बोलतंय असा आवाज यायचा. शब्द एक कळायचा नाही पण चाल माणसाच्या बोलण्याचीच, मध्ये थांबणार, दुसरं बदक उत्तर देणार. त्यांना वाटलं हेर आहेत! घरी सांगितलं तर वडील म्हणाले रेडिओ बिघडलाय. शेवटी पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले तर तो हसायलाच लागला, म्हणाला अरे हे हॅम आहेत, एसएसबीवर बोलतायत. एसएसबीत, म्हणजे सिंगल साईडबँडमध्ये, काय करतात, पॉवर आणि जागा वाचवायला सिग्नलमधला कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, काढून टाकतात, आवाजाच्या दोन जुळ्या बाजूंपैकी फक्त एकच साईडबँड पाठवतात, आणि साध्या रेडिओत तो कॅरिअर परत घालायची सोयच नसते म्हणून बदक. मग त्याने जुगाड सांगितला, दुसरा रेडिओ शेजारी ठेव आणि तो ४५५ किलोहर्ट्झ खाली लाव, त्याच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग, बरोबर पहिल्याच्या फ्रिक्वेन्सीवर येतो, तोच तुझा कॅरिअर. काकांनी शेजारच्यांचा रेडिओ मागून आणला, काटा केसाएवढा केसाएवढा हलवला आणि बदकाचा माणूस झाला. तो माणूस कन्नडमध्ये अँटेनाच्या वायरबद्दल तक्रार करत होता. काका म्हणतात त्या रात्री मला झोप नाही, कन्नड येत नाही तरी सगळं ऐकलं.

मला ही गोष्ट फार आवडते कारण यात पॅशन-बिशन असलं काही नाहीये, नुसती खाज आहे, हा आवाज कुठून येतोय ती. आणि ती भागवायला एक दुरुस्तीवाला भेटला. तो भेटला नसता तर काका आजही एसटीचे रिटायर्ड काकाच असते, रेडिओ बिघडलेला.

दुसरी एक मुलगी आहे, इंजिनिअरिंगची. ती आली डोंगलमुळे. लॅपटॉपवर टीव्ही बघायचे यूएसबी डोंगल यायचे, त्यातल्या आरटीएल२८३२यू नावाच्या चिपमधून रेडिओचा कच्चा डेटा तसाच्या तसा बाहेर काढता येतो हे २०१२च्या सुमारास काही हौशी लोकांनी शोधलं आणि हजार-दीड हजारात जवळजवळ सगळं रेडिओ जग ऐकायची सोय झाली. हिने तो घेतला, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा व्ही आकाराचा अँटेना केला आणि गच्चीवर बसून नोआ या अमेरिकन हवामान संस्थेच्या उपग्रहाचा आवाज पकडला. टिकटॉक टिकटॉक असा आवाज यायचा, सेकंदाला दोन ओळी, उपग्रह क्षितिजावरून वर येऊन पलीकडे बुडेपर्यंत फार तर पंधरा मिनिटं, आणि कॉम्प्युटरवर हळूहळू चित्र उतरत जायचं, अरबी समुद्र, ढग, कोकणची किनारपट्टी. इंटरनेटवरून डाउनलोड नाही, सरळ उपग्रहाकडून तिच्या गच्चीवर. ते जुने उपग्रह २०२५मध्ये बंद केले, पण तोवर ती लायसन्स काढून मोकळी झाली होती.

माझं निमित्त फालतू आहे, ट्रेकिंग. सह्याद्रीत अजूनही अशा घळी आहेत जिथे फोन म्हणजे नुसता टॉर्च. एकदा एका ट्रेकला दोन पोरांकडे हँडी, म्हणजे हातात धरायचे वॉकीटॉकी, बघितले, वरच्या टोकावरचा खालच्याला सांगतोय दोर इथे अडकलाय, डावीकडून ये. मी विचारलं कुठून घेतले, मला पण पाहिजेत. तर ते म्हणाले ताई घेणं सोपं आहे, आधी लायसन्स काढा. (ऑनलाइन ते चायनीज हँडी स्वस्तात मिळतात नि लोक बिनधास्त घेऊन बोलत सुटतात, हॅमच्या बँडवर विनालायसन्स बोलणं बेकायदेशीर आहे, उगाच नंतर म्हणू नका सांगितलं नाही.) त्यातल्या एकाने पुण्यात रविवारी क्लास घेणाऱ्या एका आजोबांचा पत्ता दिला. फी नाही, वर पोहे. ओहम्स लॉ मी दहावीनंतर पहिल्यांदा तिथे बघितला आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच कळला.

लायसन्स आलं, रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ सेट, सेकंडहँड मिळाला, मग खरी परीक्षा म्हणजे सोसायटी. ७ मेगाहर्ट्झला डायपोल नावाचा साधा वायरचा अँटेना लावायचा तर दहा दहा मीटरच्या दोन वायरी लागतात, गच्चीभर. सेक्रेटरींना वाटलं मी कपडे वाळत घालायची दोरी बांधतेय, ते बरं होतं, पण मग मधोमध पाइप उभा राहिला आणि त्यावरून जाड काळी केबल खाली आली तेव्हा मीटिंगच बोलावली. कुणाचा टीव्ही खराब होणार, कुणाला रेडिएशन, एका काकूंना वीज पडेल अशी भीती. वीज पडेल हा मुद्दा बरोबर होता म्हणून मी अर्थिंग दाखवलं, पावसाळ्यात उतरवून ठेवीन म्हणाले, तेव्हा कुठे सुटले.

आणि मग एका सकाळी माईक हातात घेऊन सीक्यू सीक्यू म्हटलं. म्हणजे कुणी आहे का, कुणीही. थांबले. खरखर. परत म्हटलं. खरखर. हे जे थांबणं आहे ना ते या छंदाचं मर्म आहे असं माझं मत झालंय. कॅमेरा घ्या, ड्रोन घ्या, थ्रीडी प्रिंटर घ्या, एकट्याने घरी बसून मजा येते, लोक नंतर भेटतात, नाही भेटले तरी चालतं. ट्रान्समीटर मात्र समोरून कुणी बोलेपर्यंत नुसता खोली गरम करणारा डबा आहे. इथे कम्युनिटी ही वरून टाकलेली कोथिंबीर नाहीच, तिच्याशिवाय यंत्र पूर्णच होत नाही. तिसऱ्यांदा बोलल्यावर एक म्हातारा आवाज आला, इंग्लिशमध्ये, फाइव्ह नाईन, व्हेरी गुड सिग्नल, नाव काय, कुठून. नाव सांगितलं, पुणे म्हटलं, तर पलीकडून एकदम "अरे वा, मी बेळगाव!" आणि पुढची वीस मिनिटं मराठीत गप्पा, त्यातली पंधरा माझ्या डायपोलची उंची कमी आहे यावर.

आता एक गोष्ट जी मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. त्या बेळगावच्या आजोबांचं आडनाव मला आजही माहीत नाही. हवेत फक्त नाव, गाव आणि कॉलसाईन सांगायची पद्धत आहे. महाराष्ट्रात नवीन माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला "आडनाव काय?" येतंच आणि ते कशासाठी विचारतात हे विचारणाऱ्याला पण माहीत असतं आणि सांगणाऱ्याला पण. इथे ते कप्पेच नाहीत. एसटीवाले काका, एक सर्जन, मंदिराबाहेर फुलं विकणारा एक जण, ती डोंगलवाली मुलगी, सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या आमच्या बैठकीत, सगळे कॉलसाईन. अर्थात फार गोड चित्र रंगवायला नको, बायका अजून कमीच आहेत, आणि बाईचा आवाज आला की दहा जण एकदम तुटून पडतात नि मोठ्या लाडाने बोलतात, ते ऐकून डोकं उठतं. पण आडनावाची सुट्टी खरी आहे.

या लोकांचा इतिहास मी वाचायला लागले तेव्हा एक आकडा बघून उडालेच. १९४२च्या चले जाव चळवळीत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ऑगस्टच्या शेवटापासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत, जागा बदलत बदलत, आणि शेवटी आतल्याच टेक्निशियनच्या फितुरीने घात केला. हे शाळेत शिकलोय. पण तो ट्रान्समीटर उभा केला नरिमन प्रिंटर नावाच्या एका हॅमने, महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी सगळ्या हॅमची लायसन्स रद्द केली होती त्यातला एक. आणि वेव्हलेंथ होती ४२.३४ मीटर. मी कॅल्क्युलेटर काढला, ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे आम्ही आज सकाळी ज्या ४० मीटर बँडवर चहा पीत पीत एकमेकांच्या अँटेनाला नावं ठेवतो तोच! मला तर यात योगायोग वाटत नाही, हॅमच्या हाताखालचं सामान आणि हॅमचाच हातखंडा बँड, दुसरीकडे कशाला जाईल तो.

दुसरी गोष्ट अंदमानची. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद, कॉलसाईन व्हीयू२आरबीआय, परवानग्यांची भरपूर खटपट करून टीम घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. कशासाठी, तर निव्वळ हौस. अंदमानहून कित्येक वर्षांत कुणी हॅम बोललेलं नव्हतं म्हणून जगभरचे लोक त्या एका कॉन्टॅक्टसाठी जीव टाकत होते. आणि २६ तारखेला सकाळी हॉटेल हलायला लागलं. त्सुनामीनंतर फोन गेले, तर दहा मिनिटांपूर्वीपर्यंत जपान-युरोपशी गप्पा मारणारा तोच रेडिओ, तोच अँटेना, बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला लागला. मोठी यंत्रणाबिंत्रणा उभारायला वेळ लागतो, ही बाई छंदापायी आधीच तिथे बसलेली होती. कुणी हॅमची थट्टा केली की आमचे एसटीवाले काका हीच गोष्ट सांगतात, दर वेळी आवाज चढवून.

पैसा हा मात्र जुना अडथळा. बाहेरून येणारे रिग महाग, विद्यार्थ्याला कुठून परवडणार. इथे हैदराबादच्या अशर फरहान यांनी, व्हीयू२ईएसई, २०००च्या दशकाच्या सुरुवातीला जे केलं त्याला तोड नाही. बिटएक्स नावाचा पूर्ण एसएसबी ट्रान्सीव्हर, म्हणजे रिगच, डिझाइन केला, अट एकच, पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळाले पाहिजेत. कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा नायलॉनचा वॉशर, शेवटच्या स्टेजला आयआरएफ५१० नावाचा ट्रान्झिस्टर, जो रेडिओसाठी बनलेलाच नाही. आणि डिझाइन सगळ्यांना खुलं. जगभर लोकांनी बनवला तो. आमच्यातला एक पोरगा पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि बुधवारच्या जुन्या बाजारात हिंडून सामान गोळा करत होता, दुकानदार विचारायचा कशाला पाहिजे, हा सांगायचा, मग दुकानदार स्टूल पुढे करायचा. त्या दुकानदाराने पुढच्या वर्षी परीक्षा दिली.

सध्या आमच्यात भांडण चाललंय ते एफटी८वरून. २०१७मध्ये आलेला हा डिजिटल मोड, म्हणजे तोंडाने बोलण्याऐवजी कॉम्प्युटरने छोटे निरोप पाठवायची पद्धत, बनवणाऱ्यांत जोसेफ टेलर, पल्सार नावाच्या ताऱ्यांवरच्या कामासाठी १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे, कानाला ऐकूही येणार नाही इतक्या गोंगाटाखालचा सिग्नल कॉम्प्युटर उकलतो, गॅलरीत लोंबकळणाऱ्या वायरीवर ब्राझील मिळतं. काका म्हणतात हे कसलं हॅमिंग, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतायत आणि माणूस चहा करायला गेलाय, नाव नाही, गाव नाही, डायपोलवरून शिव्या नाहीत. डोंगलवाली म्हणते काका तुमच्याकडे गच्ची आहे, मी भाड्याच्या वन आरकेत राहते, मला हेच मिळतं, आणि ब्राझीलवाल्याने नंतर ईमेल केला मला. मला दोघांचंही पटतं, म्हणजे काकांचं जरा जास्त, पण मी गच्चीवाली आहे. गेल्या रविवारी नेटवर हा वाद इतका रंगला की नेट चालवणाऱ्या कंट्रोलवाल्याला दोनदा मध्ये पडावं लागलं, काका काहीतरी जोरदार म्हणत होते, बहुतेक नोबेलवाल्यांबद्दलच, आणि तेवढ्यात ऊन चढून बँड बसला, म्हणजे सिग्नल पोचेनासे झाले, काका गेले, बेळगाव गेलं, सगळेच गेले. पुढचा भाग येत्या रविवारी.