अंत्यदर्शन आणि शपथविधी, एकाच दिवशी

गोव्यात राजकारणाची बातमीदारी करणाऱ्याची भाषा थोडी कच्ची असली तरी चालतं, बेरीज मात्र पक्की लागते. चाळीस जणांचं सभागृह. एखादा आमदार ताप येऊन घरी राहिला तरी सचिवालयात कुजबुज सुरू होते.

18 मार्च 2019 च्या सोमवारी ही बेरीज चाळीसचीही उरली नव्हती. भाजपचे आमदार फ्रान्सिस डिसोझा फेब्रुवारीत वारले. सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनी काँग्रेस सोडताना आमदारकीही सोडली होती. आणि रविवारी संध्याकाळी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गेले. उरले 36. भाजपचे 12, काँग्रेसचे 14, महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) आणि गोवा फॉरवर्डचे तीन-तीन, अपक्ष तीन, राष्ट्रवादीचा एक. बहुमताला 19. म्हणजे सर्वांत मोठा पक्ष विरोधात, आणि सत्ताधाऱ्यांचं सगळं गणित नऊ मित्रांवर.

या नऊ जणांची गोष्ट 2017 पासूनची. तेव्हा काँग्रेसला 17 आणि भाजपला 13 जागा मिळाल्या होत्या. काँग्रेसचा नेता ठरेपर्यंत भाजपने 21 आमदारांची यादी राज्यपालांकडे नेऊन ठेवली. मगो आणि गोवा फॉरवर्ड यांनी पाठिंबा दिला तो एका अटीवर: पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर. ते संरक्षणमंत्रिपद सोडून दिल्लीहून परत आले ते त्यासाठीच. पाठिंबा पक्षाला नव्हता, माणसाला होता. तो माणूसच गेल्यावर त्या पाठिंब्याच्या पत्रांचं काय, हा प्रश्न त्या सोमवारी पणजीत प्रत्येकाच्या मनात होता. तोंडावर मात्र कुणी आणत नव्हतं.

माझी ड्युटी सकाळी कला अकादमीला लागली. पार्थिव भाजपच्या कार्यालयातून तिथे आणलं होतं आणि रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. रांगेत म्हापशाच्या बाजारातल्या बायका होत्या, शाळेचे गणवेश घातलेली मुलं होती, कुणाच्या हातात एकच झेंडूचं फूल. पंतप्रधान येऊन गेले. मी रडणाऱ्यांची वाक्यं टिपत होतो आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानावर दुसरी नोंद चालली होती: कोणता आमदार कुणाबरोबर आला, कुणाच्या गाडीतून गेला, कोण दर्शन घेऊन लगेच निघाला. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण हे काम असंच चालतं. आमच्यातला एक जुना छायाचित्रकार म्हणाला, "आयज कांय जावचें ना, घरा वच." आज काही होत नाही, घरी जा. गोव्यात इतकी वर्षं कॅमेरा मारलेल्या माणसाचा अंदाजही त्या दिवशी चुकला.

नितीन गडकरी पहाटेच दाखल झाले होते आणि मित्रपक्षांच्या बैठका अंत्यसंस्काराआधीच सुरू झाल्या होत्या. मगोच्या सुदिन ढवळीकरांना स्वतःलाच मुख्यमंत्री व्हायचं आहे, हे उपसभापती मायकल लोबो यांनी पत्रकारांना उघड सांगून टाकलं. दुपारी काँग्रेसचे आमदार चंद्रकांत कवळेकरांच्या नेतृत्वाखाली राजभवनावर गेले. सर्वांत मोठा पक्ष आमचा, आम्हाला बोलवा. 2017 मध्ये उशीर झाला होता, म्हणून यावेळी त्यांनी दोन दिवस आधीच राज्यपालांना पत्र पाठवून ठेवलं होतं.

संध्याकाळी मिरामारला, भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीशेजारी, लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. ती बातमी मी तिथूनच फोनवर लिहून पाठवली. मग ऑफिसला न जाता, बैठका चालल्या होत्या त्या हॉटेलकडे सरळ गेलो, कारण सरकार आता तिथे होतं.

हॉटेलच्या लॉबीतल्या त्या चार-पाच तासांबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. लिफ्ट उघडते, सगळे धावतात, वेटर बाहेर येतो. शपथविधी आधी अकराला म्हणाले, मग बाराला. डेस्कवरून दर वीस मिनिटांनी एकच प्रश्न: "अरे, पान सोडू का?" पेडणे आणि काणकोणला जाणारे गठ्ठे वेळेत निघाले नाहीत तर सकाळी तिथल्या एजंटांचे फोन संपादकांना जातात, हे मला माहीत होतं. शेवटी बाहेरगावची आवृत्ती फक्त अंत्यसंस्कारावर सोडली आणि शहर आवृत्तीचं पहिलं पान उघडं ठेवलं.

नाव तोपर्यंत फुटलं होतं. प्रमोद सावंत, साखळीचे आमदार, विधानसभेचे सभापती, आयुर्वेदाचे डॉक्टर. अडलं होतं ते उपमुख्यमंत्रिपदावर. मगोला एक दिलं तर गोवा फॉरवर्ड गप्प बसणार नाही. मग दोन्ही पक्षांना एकेक. राज्यघटनेत उपमुख्यमंत्री असं पदच नाही. शपथ मंत्र्याचीच घ्यायची, पुढे पाटी वेगळी लावायची. त्यामुळे हे पद वाटायला सोपं. मंत्रिपदं तशी वाढवता येत नाहीत. एक्क्याण्णव्या घटनादुरुस्तीने सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. गोव्यात ती फक्त सहा भरली असती, म्हणून लहान राज्यांसाठी किमान 12 ची सवलत आहे, मुख्यमंत्री धरून. त्या 12 मध्ये एकही जागा रिकामी ठेवणं त्या रात्री परवडणारं नव्हतं.

दोना पावलाच्या टोकावरच्या राजभवनात आम्हाला सोडलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सभागृहात गेल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते खुर्च्या मोजण्याचं. यादी कुणी देत नाही, पण पुढच्या रांगेत नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. कर्मचारी एक चिठ्ठी काढून दुसऱ्या खुर्चीवर लावत होता, मग पुन्हा पहिल्या जागी. माझ्या शेजारचा वार्ताहर मान लांब करून वाचत होता आणि मी त्याच्या वहीत डोकावत होतो. आमदार एकेक करून आले. काहींच्या अंगावर दुपारचेच कपडे होते.

दोनला काही मिनिटं कमी असताना राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी सावंतांना शपथ दिली. त्यांच्यामागे 11 जण. ढवळीकर आणि गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई. मगोचे बाबू आजगावकर. गोवा फॉरवर्डचे विनोद पालयेकर आणि जयेश साळगावकर. अपक्ष रोहन खंवटे आणि गोविंद गावडे. भाजपचे माविन गुदिन्हो, विश्वजीत राणे, मिलिंद नाईक, नीलेश काब्राल. वहीत बेरीज केली: भाजपचे पाच, मित्रांचे सात. गोवा फॉरवर्डचे तिघे आमदार, तिघेही मंत्री. आणि भाजपच्या पाचांतले राणे दोन वर्षांपूर्वी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले. सरकार कुणाचं, हे नावावरून ठरवायचं की खुर्च्यांवरून, असा विचार तिथे उभ्या उभ्याच मनात आला.

"चिता थंड व्हायच्या आत" हे शब्द दुसऱ्या दिवशी खूप ऐकले. ऑफिसात तर एका सहकाऱ्याने तसाच मथळा सुचवला. मला तो पटला नाही, आजही पटत नाही. मुख्यमंत्र्याचं निधन झालं की मंत्रिमंडळही संपतं. त्या रविवारी रात्रीपासून गोव्याला कायद्याने सरकारच नव्हतं. लोकसभेची निवडणूक जाहीर झालेली, आचारसंहिता लागलेली. सोमवारीच सरकार करणं यात गैर काही नव्हतं. रात्रीचे दोन वाजले ते मात्र पाट्यांच्या वाटपाने, आणि मथळा करायचाच तर त्याचा करायला हवा होता. संपादकांनी दोन्ही टाळलं. वर मिरामारचा फोटो, खाली दोन कॉलमांत शपथविधी. त्यावर माझी तक्रार नाही.

बुधवारी विश्वासदर्शक ठराव 20 विरुद्ध 15 ने मंजूर झाला. लोबो अध्यक्षस्थानी, त्यामुळे भाजपची 11 मतं आणि मित्रांची नऊ. समोर काँग्रेसचे 14 आणि राष्ट्रवादीचे चर्चिल आलेमाव. आमच्या ग्राफिक्स विभागाने मंत्रिमंडळाचा फोटोसकट रंगीत तक्ता केला होता, वाचकांनी कापून ठेवावा असा. तो जेमतेम आठवडाभर टिकला. 27 मार्चच्या पहाटे, पुन्हा मध्यरात्रीनंतरच, मगोचे आजगावकर आणि दीपक पाऊसकर भाजपमध्ये विलीन झाले. तिघांतले दोघे म्हणजे दोन तृतीयांश, पक्षांतरबंदी लागू होत नाही. ढवळीकरांना वगळलं, पाऊसकर मंत्री झाले.

पोटनिवडणुकीनंतर काँग्रेसचे आमदार पंधरा झाले होते; जुलैत त्यांतले दहा भाजपमध्ये गेले. भाजपला मित्रांची गरज उरली नाही, आणि सरदेसाई, पालयेकर, साळगावकर, खंवटे चौघांनाही मंत्रिमंडळातून वगळलं. त्या दहांचे नेते होते कवळेकर. मार्चमध्ये आमदार घेऊन राजभवनावर सरकार मागायला गेले होते, तेच. 13 जुलैला त्याच राजभवनात त्यांनी शपथ घेतली आणि उपमुख्यमंत्री झाले. तो शपथविधी दुपारी झाला, सगळ्या आवृत्त्यांना वेळेत मिळाला.