माझ्याच हातावर

मंगळवार, रात्री पावणेबारा

माझी मांजर चिंगी आज माझ्यावर फिस्कारली. घरात आणलेल्या नव्या पिल्लावर नाही, माझ्यावर.

पिल्लावर फिस्कारली असती तर त्याची मनाची तयारी होती. पण पिल्लू बेडरूममध्ये बंद, आणि मी हॉलमध्ये रोजच्यासारखा हात पुढे केला, हनुवटी खाजवायला. तिने वास घेतला, कान मागे पाडले आणि फिस्स! 9 वर्षं याच हाताने भरवलं, याच हाताने पिसवा काढल्या... (ऐकू येतंय मला, हुबेहूब आई बोलतेय.)

साबणाने हात धुतले, परत गेले. परत फिस्स. मग तो उग्र वासाचा जंतुनाशक साबण काढला, त्याने कोपरापर्यंत धुतले, तर ती जागा सोडून थेट फ्रिजवर. माझा बोका भोपळा, त्याला यातलं काहीच लागत नाही. दाराखालच्या फटीत मी टॉवेल कोंबते, तो उपसतो, मी कोंबते. पिल्लू येऊन आज नववा दिवस, नऊही दिवस हेच. तो बोका आहे की भंगारवाला, कळत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. लाज वाटली विचारायला, पण विचारलं. ते हसले. म्हणाले, मांजर तोंडापेक्षा वासावरूनच जास्त ओळखतं. गालाला ग्रंथी असतात, त्या घासून घासून ती घरातल्या सगळ्यांना एकच वास लावून ठेवतात. आज तुम्ही पिल्लाला लशीला घेऊन आलात, मांडीवर धरून बसलात, माझ्या टेबलावर हात टेकलेत. तिच्या लेखी तुम्ही आज कोणीतरी भलत्याच आहात.

भलत्याच. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

कारण आमच्या ठमी मांजरीला शेवटचं घरी आणलं, पायाला सलाइनची पट्टी होती, तेव्हाही चिंगी अशीच फिस्कारली होती. आठ वर्षं एका टोपलीत झोपलेल्या दोघी. मी चिंगीला केवढी ओरडले होते त्या दिवशी. निर्दयी म्हणाले. तिला ठमी ठमीसारखी लागलीच नसेल तर...

असो. वाटी मी ठमीचीच दिली आहे पिल्लाला, निळी. दुसरी आणायला हवी होती का? चिंगीला वाटीचं काही नसेल. मलाच आहे.

पण हात. हाताचं डोक्यातून जात नाही. दिवसभर ऑफिसात कोणी धड ओळख दाखवली नाही तरी चालतं, घरी आल्यावर एक हनुवटी हातावर टेकली की हिशोब पुरा होतो. त्या एवढ्याशा गोष्टीवर मी किती भार टाकला होता ते आज कळलं. बिचारीचं वजन सव्वातीन किलो.

आईला फोनवर सांगितलं, तर तिला पिल्लाच्या वजनापेक्षा (780 ग्रॅम, पोटात जंतच निम्मे असावेत) शी-शूच्या ट्रेचीच जास्त काळजी. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त ठेवायचा म्हणतात. म्हणजे 3 मांजरांना 4 ट्रे, वन बीएचकेमध्ये. "त्या घरात माणसाला जागा आहे का गं?" नाहीये. मी 9 दिवस सोफ्यावर झोपतेय, आणि माझ्या बेडवर पंप रूमच्या मागे सापडलेलं एक 780 ग्रॅमचं संस्थान पसरलंय. म्हणे जुन्या मांजरांवर अन्याय होतो. माझ्या कंबरेचं कोणी बोलत नाही.

डॉक्टरांनी उपाय सांगितलाय तो असा: स्वच्छ मोजा पिल्लाच्या गालावर घासायचा आणि चिंगीच्या वाटीजवळ ठेवायचा. तिचा वास लागलेलं फडकं पिल्लाकडे. दोघांचं जेवण दाराच्या दोन बाजूंना, आधी लांब, मग रोज थोडं जवळ. घाई केली की महिनाभर मागे जायचं. दारातून चिठ्ठ्याचपाट्या चालवायच्या, आणि मी मधली.

तर रात्री मोजा ठेवला, शेजारी चिमूटभर सुकट. श्रावण माझ्यापुरता, मांजरांना नाही. चिंगी फ्रिजवरून उतरली. मोज्याला लांबून वळसा. मग जवळ जाऊन वास, तोंड अर्धवट उघडं टाकून, दुधी भोपळ्याची भाजी दिसल्यावर माणसं करतात तसं. फिस्कारली नाही. सुकट संपवली. मग मोजा दातात धरून स्वयंपाकघरात नेला आणि पाण्याच्या वाटीत टाकला.

उरलेला एक मोजा हातात घेऊन बसलेय. हाच जोड उद्या ऑफिसला घालायचा होता.