मोआबमध्ये अप्पा आणि अँटेना

भाड्याने आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेताना लोक गॅस, पाणी, फ्रिज सगळं तपासून घेतात. टीव्ही लावून दाखवा, असं कुणी म्हणत नाही. सासरे बरोबर असतील तर जरूर म्हणा.

अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीहून मोआबला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. जुलैचे दिवस, दुपारभर 38 अंश, आणि आता लाल कड्यांमागून ढग चढत होते. या दिवसांत इथे अचानक पाऊस कोसळून कोरड्या ओढ्यांना पूर येतात, हे कळल्यापासून अप्पांना स्थानिक बातम्या हव्या होत्या. कॅम्पग्राउंडचं वाय-फाय रांगत होतं. टीव्ही लावला तर निळा पडदा आणि 'नो सिग्नल'.

अप्पांनी बाह्या सरसावल्या. आत छताला हँडल असतं. ते फिरवलं की टपावर आडवा निजलेला अँटेना उभा राहतो, आणि खालची चकती ओढून तो गोल फिरवता येतो. मिरजेच्या गच्चीवर हा उद्योग त्यांनी भरपूर केलेला.

"आलं का?"

"नाही, अप्पा."

"आता?"

"नाही हो!"

जुन्या टीव्हीवर मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, त्यावरून दिशा कळायची. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी 12 जून 2009 ला ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं. डिजिटलमध्ये चित्र एक तर लख्ख दिसतं, नाही तर चौकोन चौकोन होऊन गोठतं, नाही तर काहीच नाही. शिवाय दर वेळी अँटेना वळवून पुन्हा चॅनेल स्कॅन. एका स्कॅनमध्ये माझ्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. नवरा गाडी चालवून दमलेला, तो या सगळ्यात घोरत होता.

शेवटी शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा आले. त्यांनी थेट टीव्हीमागच्या कपाटात हात घातला. केबलच्या सॉकेटशेजारी नखाएवढं बटण होतं. दाबल्याबरोबर हिरवा दिवा लागला. वर अँटेनातल्या ॲम्प्लिफायरला त्याच केबलमधून 12 व्होल्ट जातात. बटण बंद असेल तर अँटेना कुठेही फिरवा, व्यर्थ. मेनूतही आधीच्या भाडेकरूने 'केबल' निवडून ठेवलं होतं, ते 'अँटेना' केलं. किल्ल्या देणाऱ्या पोराने सांडपाण्याच्या नळीवर प्रवचन झोडलं होतं, या बटणाबद्दल अवाक्षर नाही!

"आता सॉल्ट लेक सिटीकडे वळवतो," अप्पा म्हणाले. आजोबा हसले. ते शहर पावणेचारशे किलोमीटर लांब, मध्ये डोंगर. तिथली केंद्रं इथे उंचावरच्या ट्रान्सलेटरवरून, म्हणजे सिग्नल पकडून पुढे सोडणाऱ्या यंत्रावरून, येतात. त्यांनी बोट दाखवलं त्या दिशेला अँटेना गेला, स्कॅन झाला, आणि हवामानवाली बाई अवतरली. तिने फॅरनहाइट सांगायचं आणि अप्पांनी पुटपुटत 32 वजा करायचे, असा तासभर कार्यक्रम चालला.

आजोबांना पोहे दिले, त्यांनी मागून घेतले. जाताना माझ्या हातातला कपड्याचा चिमटा स्टिअरिंगला लावून गेले: निघण्याआधी अँटेना खाली घ्यायची आठवण. उभ्या अँटेनासकट गाडी हाकली की पहिल्याच झाडाशी तो मोडतो म्हणे.

पाऊस चार थेंब पडला. डेलिकेट आर्च ही इथली दगडी कमान सुंदर आहे, पण चढ दमवतो आणि वर फोटोसाठी रांग लागते.