सहा मिलिमीटर

मंगळवार, रात्री उशिरा

हार झाला, आणि वाकडा बसतोय. फासा मानेवर मधोमध धरला की मधला निळा मणी उजवीकडे सरकतो. आक्का म्हणते, कोणाला दिसणार आहे? मला दिसतंय.

बारा कड्या, सगळ्या एकाच जिगवर (तार वळायच्या साच्यावर) वळलेल्या. जिग घरचीच: प्लायवूडच्या तुकड्यावर आलेखाचा कागद, त्यावर १२ मिलिमीटर अंतराने दोन खिळे, डोकी छाटून कानशीने गुळगुळीत केलेले. तार तांब्याची, २० गेज, म्हणजे ०.८ मिलिमीटर. दर कडीला ६ सेंटीमीटरचा तुकडा. एका खिळ्याला वेढा, तिरकं ओलांडून दुसऱ्याला उलटा वेढा, की इंग्रजी आठच्या आकाराची कडी होते. उरलेली टोकं कटरने छाटायची. कडी, मणी, कडी, मणी. सगळं सारखं व्हावं म्हणूनच तर जिग. मग सारखं का नाही झालं?

आधी वाटलं, माझ्या हातालाच वळण नाही. आठ दिवस यात गेले, रविवारही गेला. रविवारचं तर... जाऊ दे.

शेवटी हार सोडवला. मण्यांच्या तारेचे डोळे, म्हणजे टोकांचे गोल वेढे, पक्कडीने बाजूला पिळून उघडले (समोरून फाकवले तर गोलाई जाते आणि परत येत नाही) आणि कड्या पट्टीवर मांडल्या. डाव्या सहा साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास, उजव्या सहा साडेपंधराच्या. बेरीज केली तर फरक ६ मिलिमीटर. हात चुकला असता तर कडी कधी लांब, कधी आखूड झाली असती. इथे सगळं एकाच दिशेने सरकलंय.

खिळे! तार ताणून वेढा दिला की दोन्ही खिळे एकमेकांकडे ओढले जातात, आणि ६ मिलिमीटरच्या प्लायला ते धरून ठेवायची ताकद कुठली? दर कडीला केसभर झुकत गेले. तार बुडाशी दाबून ठेवायची, ती मी वर चढू दिली. वरून ओढलं की खिळा जास्तच कलतो. आणि डावी बाजू आधी पुरी करून मग उजवी घेतली, म्हणून सगळं आखूडपण उजवीकडे साठलं.

कळल्यावर हलकं वाटलं. कड्या टाकायच्या नाहीत. आखूड ओढून लांबवायच्या म्हटलं तर डोळे लंबुळके होतील, शिवाय वळून वळून तांबं आता कडक झालंय. भांडी बाजारातल्या तांबटांना हे कोणी सांगावं लागत नाही: ठोकलेलं तांबं ताठरतं, तापवल्याशिवाय मऊ होत नाही.

म्हणून बाराही कड्या लांबीप्रमाणे ओळीने लावल्या. पहिली डावीकडे, दुसरी-तिसरी उजवीकडे, चौथी-पाचवी डावीकडे, अशा वाटल्या. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या. पुढची जिग १८ मिलिमीटर सागाच्या फळीवर. खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडून खिळा निदान १२ मिलिमीटर आत. आणि डावी-उजवी कडी आळीपाळीने.

आत्ता अकरावी अडकवली. मणी मधोमध येतोय. एक डोळा अजून नीट मिटलेला नाही, तारेचं टोक बोटाला लागतंय. ते सकाळच्या उजेडात.